जातो की येतो

विरारला आमच्या बिल्डिंगमध्ये मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. "काय वहिनी, आज कोणाला मारलंत?" हीच माझी हाक. टँकर आला की आम्ही सगळ्या हंडे-बादल्या घेऊन खाली पळायचो, पाइप आधी कोणाच्या बादलीत यावरून जुंपायची, आणि त्या गोंधळातही एखादी म्हणायचीच, "हिला आधी भरू द्या गं, नाहीतर पुढच्या अंकात आपलाच मुडदा!" मीही काही ऐकून घेणारी नाही. "तुझा मुडदा पडला तर त्यात रहस्य कसलं, अख्खी बिल्डिंग संशयित आहे," म्हणायचे. हसायच्या सगळ्या. पण त्या हसण्यात एक शंका असायची, की घरी मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या या बाईच्या डोक्यात हे गळे चिरणं येतं कुठून?

कुठून येतं ते मला तरी कुठे ठाऊक! स्वस्थ बसणं माझ्या कुंडलीतच नाही. साताऱ्याकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या दोन खोल्यांत जीव नुसता खालीवर व्हायचा. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणी उलटून गेल्यावर यायचा. मी आपली गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत, पायाला भिंगरी लागल्यासारखी. त्या फेऱ्यांमध्येच पहिला खून सुचला, कणीक मळता मळता. लिहायचेही तशीच, उभ्यानं, ओट्यावर कागद ठेवून. एका अंगाला कुकर आणि दुसऱ्या अंगाला प्रेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईतून निघणाऱ्या एका साप्ताहिकात माझी कादंबरी क्रमशः यायची. आधी बिल्डरांच्या जाहिराती, मग क्लासेसच्या, मग खड्ड्यांबद्दलच्या तक्रारी आणि शेवटच्या पानावर मी. तेव्हा जी चालू होती तिच्यात एका मिठागराच्या ठेकेदाराचा खून होतो. खून करणाऱ्याला पाहिलेला माणूस एकच, एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. नवव्या भागात हा तांडेल पहाटे घरातून बाहेर पडतो आणि परत येत नाही. मी लिहिलं होतं: तांडेल दारात थांबला. ‘जातो,’ म्हणाला आणि वाळूत उतरला.

या एका शब्दावर मी बेहद्द खूश होते. घरातून पाय काढताना ‘जातो’ म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा! दुधाला निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणतो. दुकान आपण बंद करत नाही, ‘वाढवतो’. बांगडीसुद्धा फुटत नाही आपल्याकडे, तीही ‘वाढवते’. मग हा तांडेल ‘जातो’ म्हणतो म्हणजे काय? म्हणजे आपण खुन्याच्या तोंडी चाललोय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बाराव्या भागात माझा इन्स्पेक्टर तांडेलाच्या लेकीला विचारणार होता, "निघताना काय म्हणाले?" आणि त्या एका शब्दावरून सगळा गुंता सोडवणार होता. दादरच्या एका प्रकाशकाला मी पहिले भाग दाखवले होते. तो म्हणाला होता, "शेवट जमला तर पुस्तक काढू." माझं पहिलं पुस्तक झालं असतं ते.

अंक हातात आला. शेवटचं पान उघडलं. तांडेल दारात थांबला होता आणि म्हणाला होता, ‘येतो.’

डोक्यात तिडीकच गेली. कुकर उतरवला, शिकवणीच्या पोरांना सुट्टी दिली आणि तशीच वसईला गेले. साप्ताहिकाचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. तिथे संपादक आणि कॉम्प्युटरवर टाईप करणारी एक मुलगी, एवढाच कारभार. मुलगी पाचूबंदरची, कोळ्यांची. कॉलेज करून नोकरीला लागलेली, चुणचुणीत, माझं किडमिड्या अक्षरातलं लिखाण बिनचूक लावणारी. म्हणून तर जास्तच राग आला.

"हे काय केलंस?" मी अंक तिच्या पुढ्यात आपटला.

तिनं पाहिलंसुद्धा नाही. "मीच बदललं बाई. चुकून नाय. मुद्दाम."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोन सांगनार? मला टाईपच नाय झालं. माझा बापूस बोटीवर हाय. घरातलं मानूस दर्यात असताना असलं बोलत नाय आमच्यात. लिहीत पन नाय."

"अगं पण कथा आहे ती! खोटी आहे!"

"कथा तुमची बाई," ती म्हणाली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले, "बोटं माझी."

घ्या, कपाळ माझं! संपादक तिकडे चहा पितापिता हसत होते. मी म्हटलं, पुढच्या अंकात चूक दुरुस्त करून छापा. ते म्हणाले, "मॅडम, अहो विचार करा. ‘येतो’च्या जागी ‘जातो’ वाचावे, असं छापलं तर तांडेल मरणार ही दवंडीच पिटली की आपण!" खरं होतं ते. रहस्यकथेची चूक दुरुस्तही करता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली माझी. रागारागानं उतरले आणि जिन्यात पाय मुरगळून घेतला.

आणि मग वाचकांनी सुरुवात केली. आजवर मला वाचक म्हणजे चार पोस्टकार्डं आणि टँकरची रांग. पण त्या ‘येतो’नं काय जादू केली कुणास ठाऊक, जो तो तांडेलाच्या मागे लागला. वाणी विचारायचा, "परत येतोय ना तो?" शिकवणीची पोरं पाढे सोडून पैजा लावायची. भुईगावहून एक आजोबा आले, वाडीवाले, पांढरंशुभ्र धोतर, हातात घरच्या केळ्यांची फणी. पत्ता शोधत दोन मजले चढून आले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही कितीही भुलवा, आम्ही फसायचे नाही. तांडेल जिवंत आहे. येतो म्हणून गेलाय तो. घरच्या माणसाला दिलेला शब्द आहे तो, नुसतं बोलणं नाही."

मी केळी घेतली, आणि मनात म्हटलं, आजोबा, तुमचा तांडेल मेलाय हो. त्याचं प्रेत खाडीच्या चिखलात कोणत्या बाजूला तोंड करून पडलंय तेसुद्धा मी ठरवून ठेवलंय.

पण आतून चुळबुळ सुरू झाली होती. प्रेताचा भाग लिहून तयार होता आणि तो मी देत नव्हते. मधले दोन भाग इन्स्पेक्टरला उगाच इकडेतिकडे फिरवून काढले. नवरा म्हणाला, "काय चाललंय तुझं? त्याला नालासोपाऱ्याला कशाला पाठवलंस?" मी म्हटलं, "तुम्ही जेवा."

दिवाळी होऊन गेली होती. समुद्र खवळल्याच्या बातम्या आल्या, बंदरावर धोक्याचा बावटा लागला. विरारला आमच्याकडे काय, नुसता वारा. वाळत घातलेल्या चादरी उडाल्या, वीज गेली, आली. आम्ही विसरलोसुद्धा. मग शेवटी एकदाचा मनाचा हिय्या करून प्रेताचा भाग पिशवीत घातला आणि वसईला गेले. कॉम्प्युटरची खुर्ची रिकामी होती. संपादक दोन बोटांनी कसलीशी जाहिरात टाईप करत होते.

"आली नाही ती," ते म्हणाले. "पाचूबंदरच्या सगळ्या बोटी परत लागल्या. एकच राहिलीये. तिच्या वडिलांची."

मी पिशवी उचलली आणि पाचूबंदरला गेले. कशाला गेले? माझी ती कोण? पण ऑफिसात बसवेना आणि घरी जाववेना. किल्ल्याकडून रिक्षा आत वळली तसा सुक्या मासळीचा वास सुरू झाला. एरवी तिथे लिलावाचा कालवा असतो, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्या दिवशी लिलाव चालू होता, पण हलक्या आवाजात. थोड्या अंतरावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी काही बायका बसल्या होत्या, त्यांच्यात ही. तिनं मला पाहिलं आणि उठून आली. केस विंचरलेले नव्हते. माझ्या पिशवीकडे बघत तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा:

"मारलात त्याला?"

"नाही," मी म्हटलं. पिशवीत तो चिखलात पालथा पडलेला होता, पण मी म्हटलं, "नाही गं. अजून नाही."

मग ती बोलली. वाऱ्यात तिचे शब्द अर्धे उडून जात होते, मला वाकून ऐकावं लागत होतं. वडील निघाले त्या पहाटे दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर तिच्या रेडिओतले सेल काढून त्यांनी आपल्या बॅटरीत घातले. बोटीवर उजेड नको का? पण हिला राग आला. नवे सेल तिनं आपल्या पगारातून आणले होते. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"तो दारात थांबला," ती म्हणाली. "'येतो गो,' बोलला. मी जागी होते बाई. मी ‘ये’ नाय बोलले."

तुमच्याआमच्या घरात ‘येतो’ म्हटल्यावर आतून ‘ये’ किंवा ‘या’ म्हणायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, जिथे असू तिथून म्हणतो. इतकं सवयीचं, की आपण ते म्हणालो की नाही हेही नंतर आठवत नाही. तिला मात्र आठवत होतं.

"तो परत दोनदा बोलला," ती म्हणाली. "'येतो हां.' मी नाय बोलले."

मी तिचा हात धरला. मला रडू आलं आणि स्वतःचाच संताप आला, की ही पोर कोरड्या डोळ्यांनी उभी आहे आणि रडतेय कोण, तर मी. तिनंच मला रिक्षापर्यंत सोडलं.

घरी आल्यावर पिशवी टांगली ती उघडलीच नाही. संपादकांना सांगितलं, या आठवड्यात भाग नाही. ते वैतागले, "अहो, लोक माझी मान पकडतील!" पकडू देत म्हटलं. शेवटच्या पानावर एका फर्निचरवाल्याची मोठी जाहिरात आली. वाचकांनी ओरड केली. आजोबा पुन्हा आले, या वेळी हात हलवत, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, असं अधांतरी ठेवू नये हो माणसाला. काय तो सोक्षमोक्ष लावा." मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. "आजोबा, खरोखरची माणसं अधांतरी आहेत तिकडे! तुमचं काय घेऊन बसलात!" म्हातारा वरमला. मग मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहू नका, ताई. बोट लागेपर्यंत लिहू नका. आम्ही थांबतो." मला हा वाचक तेव्हा पहिल्यांदा आवडला.

आम्ही थांबलो. बोट लागली नाही.

वरच्या अंगाला, डहाणूच्याही पुढे, कुणाला तरी बोटीच्या रंगाची फळी मिळाली म्हणे. माणसं नाहीत. गुजरातच्या बंदरांना फोन गेले, तिकडूनही नाही. मी रोज काही ना काही कारण काढून वसईला जायचे, खुर्ची रिकामी बघायचे आणि परत यायचे. घरी पोरांवर खेकसायचे. आमटीत मीठ दोनदा पडायचं.

मग एक दिवस ती खुर्चीत होती. केस चापूनचोपून बांधलेले. मला पाहिल्यावर हात पुढे केला. "द्या बाई."

"काय?"

"तांडेल. किती दिवस ठेवनार? लोक विचारतात."

"मी बदलते," मी म्हटलं. "परत आणते त्याला. मला काय, लिहायचंच तर आहे."

"नको." तिनं इतक्या पटकन म्हटलं की संपादकांनीही मान वर केली. "परत आनलात तर मी टाईप नाय करनार."

मी कागद दिले. ती टाईप करत गेली. खाडी, चिखल, ओहोटी, गर्दी, पंचनामा. बोटं कुठे अडली नाहीत. मी खिडकीशी जायचे, परत यायचे, पुन्हा खिडकीशी. प्रेताची ओळख पटते तो परिच्छेद आला, तिथे ती एकदाच थांबली. स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "तुमचा सापडला तरी."

शेवटच्या भागातली इन्स्पेक्टरची सगळी अक्कल मला बदलावी लागली. ‘जातो’ तर छापलाच नव्हता. मग उलटं केलं. तांडेल ‘येतो’ म्हणाला, म्हणजे त्याला धोका वाटतच नव्हता, म्हणजे तो भरवशाच्या माणसाला भेटायला गेला, म्हणजे खुनी घरोब्यातला. आणि काय सांगू, गुंता पहिल्यापेक्षा झकास सुटला! दादरचे प्रकाशक म्हणाले, "हा शेवट तुम्हाला सुचला कसा?" मी म्हटलं, सुचला. पुस्तक काढायचं ठरलं. पुस्तकासाठी सगळं नव्यानं टाईप करायचं काम मी हट्टानं तिलाच द्यायला लावलं.

तिनं प्रुफं आणून दिली आणि उभ्याउभ्याच निघून गेली. मी ओट्याशी उभी राहून वाचत होते. नववा भाग आला. तांडेल दारात थांबला. ‘येतो,’ म्हणाला. आणि खाली एक ओळ होती, मी न लिहिलेली:

‘ये बाबा,’ लेक आतून म्हणाली.

हातात लाल पेन होतं. माझ्या लिखाणातला स्वल्पविराम कुणी हलवला तरी अंगाचा तिळपापड होतो माझा, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ती ओळ पुन्हा वाचली. कुकरची शिट्टी झाली, आणखी झाली, शेजारीण बाहेरून ओरडली, "वहिनी, गॅस!" मी गॅस बंद केला आणि पेनाला टोपण लावलं.

त्या ओळीबद्दल ती कधी काही बोलली नाही आणि मीही नाही. पुढे तिला अंधेरीला एका ऑफिसात नोकरी लागली. निरोप घ्यायला घरी आली तेव्हा उंबऱ्यात चपला घालताना म्हणाली, "येते बाई." मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत "ये" म्हणाले, इतक्या घाईनं की ती हसली.

पुस्तक चाललं. फार नाही, पण चाललं. वसई-विरारच्या वाचनालयांतून त्याच्या प्रती हाताळून मऊ पडल्या. आणि वाचक भेटले की खून विचारत नाहीत, खुनी विचारत नाहीत, इन्स्पेक्टरची हुशारी तर कुणाच्या लक्षातही नाही. एवढं रक्त आटवून रचलेलं ते सगळं राहिलं बाजूला, म्हणतात काय, "ते ‘ये बाबा’ वाचलं आणि पुढचं दिसेनाच हो." पहिले म्हणाले ते भुईगावचे आजोबा. चष्मा काढून पुसत होते. मी सरळ सांगितलं, "ती ओळ माझी नाही आजोबा. टाईप करणाऱ्या मुलीची आहे. तुम्हाला सांगितलं होतं ना, तीच ती." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवायला बराच वेळ घेतला. बाकीच्यांनाही मी सांगते. ते म्हणतात, "बाई, हा तुमचा विनय आहे." आता विनय आणि मी! आमच्या बिल्डिंगमध्ये विचारा कुणालाही.

नवरा सकाळी दारातून ‘येतो’ म्हणतो तेव्हा माझे हात पिठात असतात. मी आतूनच "या!" म्हणते. पण मग चैन पडत नाही, ऐकलं असेल की नाही? तशीच पिठाच्या हातांनी गॅलरीत धावते. तोवर त्यांनी खाली स्कूटर सुरू केलेली असते, कानावर हेल्मेट, वर बघतही नाहीत. टँकरच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. मी कठड्यावरून वाकते आणि सगळी बिल्डिंग ऐकेल एवढ्या मोठ्यानं ओरडते, "या हो!"